आटपाट नगराचे चित्र

श्रावणात आजी कहाणी सांगते, ती आटपाट नगरापासून सुरू होते. पण हे नगर दिसते कसे? त्याला वेस आहे का? तिथल्या बायका लुगडे कसे नेसतात? गरीब ब्राह्मणाच्या घरात भांडी कोणती? कहाणी यातले काहीच सांगत नाही. ऐकणारा ते मनात उभे करतो. चित्रकाराला मात्र ते कागदावर ठरवावेच लागते.

इंग्लंडमध्ये बालगीतांसाठी हे काम रँडॉल्फ कॉल्डेकॉट (१८४६–१८८६) यांनी केले. बँकेतील कारकुनी सोडून ते चित्रकार झाले. १८७८ ते १८८५ या काळात दरवर्षी दोन अशी त्यांची सोळा चित्रपुस्तके निघाली. एका प्रसिद्ध गाण्यात ताटली चमच्याला घेऊन पळून जाते आणि गाणे तिथेच संपते. कॉल्डेकॉट यांनी पुढचे चित्रही काढले. त्यात ताटली फुटून पडली आहे आणि काटा नि सुरी चमच्याला धरून घरी नेत आहेत. शब्दांत नसलेली गोष्ट चित्राने सांगितली. त्यांच्या नावाचे पदक अमेरिकेत १९३८ पासून उत्तम बालचित्रपुस्तकाला दिले जाते.

आपल्या कहाण्यांना असा चित्रकार लाभला तो रावबहादूर महादेव विश्वनाथ धुरंधर (१८६७–१९४४). कोल्हापूरला जन्मलेले धुरंधर १८९० मध्ये मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत विद्यार्थी म्हणून आले, तिथेच शिक्षक झाले आणि १९३१ मध्ये निवृत्त झाले. म्हणूनच त्यांच्या आत्मचरित्राचे नाव ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ असे आहे. बाजारातली, सणासुदीतली माणसे त्यांनी आयुष्यभर रेखाटली. स्त्रियांचे लुगडे, दागिने, उभे राहण्याची ढब यांवर तर त्यांचा हातखंडा होता.

१९१४ मध्ये चार्ल्स किंकेड या इंग्रज अधिकाऱ्याने आपल्या वारांच्या व व्रतांच्या कहाण्या ‘डेक्कन नर्सरी टेल्स’ या नावाने इंग्रजीत आणल्या. चित्रे धुरंधरांची होती. ‘आटपाट’ हे गावाचे नाव किंकेड यांनी तसेच ठेवले. पुस्तक त्यांनी आपल्या लहान मुलाला, डेनिसला, अर्पण केले. याच डेनिसने मोठेपणी शिवाजी महाराजांचे इंग्रजी चरित्र लिहिले. ते १९३७ मध्ये प्रसिद्ध झाले. लहानपणी कानावर पडलेल्या गोष्टी कुठवर सोबत करतात, ते यावरून दिसते.

पालकांनी येथे क्षणभर थांबून विचार करावा. आपल्या आजीची कहाणी एका इंग्रज मुलाला चित्रांसह मिळाली. आपल्या मुलांना ती मिळते का? ग्वाल्हेरमध्ये आपण घरी मराठी बोलतो, पण मुलांचे वाचन बहुतेक हिंदी-इंग्रजीत होते. अशा वेळी कहाणी केवळ आजीच्या तोंडीच उरते, आणि आजीनंतर तीही जाते.

उपाय अवघड नाही. किंकेड यांचे पुस्तक इंटरनेटवर ‘प्रोजेक्ट गुटेनबर्ग’ येथे विनामूल्य वाचता येते. त्याहून सोपे म्हणजे, मित्रांनो, येत्या श्रावणात आजीकडून एक कहाणी पूर्ण ऐका आणि तिचे एक चित्र काढा. धुरंधरांची नक्कल नको. तुमच्या आटपाट नगराच्या डोंगरावर आपला किल्ला असू द्या, आणि कहाणीतला ब्राह्मण दाल बाजारातून पिशवी घेऊन येऊ द्या. कहाणीत हे कुठेच सांगितलेले नाही, म्हणूनच ते तुम्हाला काढता येईल.