झाशीच्या पोथ्यांचे न निघालेले फोटो

झाशीच्या जुन्या शहरात, बडा बाजाराच्या बाजूला राणीमहाल आहे. आज तिथे पुरातत्त्व खात्याचे संग्रहालय असून दगडी मूर्ती मांडलेल्या आहेत. नेवाळकर राजघराण्याच्या झाशीत पोथ्यांचाही मोठा संग्रह होता. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५८च्या वेढ्यात शहरातच अडकले होते. ‘माझा प्रवास’मध्ये त्यांनी या संग्रहाची थोरवी सांगितली आहे, आणि एप्रिलमध्ये इंग्रज सेनापती ह्यू रोजची फौज आत शिरल्यावर त्याची कशी धूळधाण झाली तेही. सोने लुटले तर पुन्हा मिळवता येते. एकुलती एक पोथी गेली की तिच्यातला पाठही गेला.

तारखा पाहिल्या की जीव अधिकच हळहळतो. रॉजर फेंटनने लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये पाचव्या शतकातल्या बायबलच्या हस्तलिखिताची पाने टिपली ती १८५६ साली. ती क्लेमंटच्या पत्रांची पाने होती आणि त्या पत्रांची दुसरी ग्रीक प्रत तेव्हा कुणाला ठाऊक नव्हती. काचपेटीत ठेवलेल्या ग्रंथाची एका वेळी दोनच पाने दिसतात. फोटोमुळे बाकीची पानेही अभ्यासकाच्या हाती येतात. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४मध्येच निघाली होती आणि डॉ. भाऊ दाजींसारखे जुन्या लेखांचे जाणकार स्वतः कॅमेरा हाताळत होते. म्हणजे साधन देशात पोचले होते, ते वापरणारेही होते.

काम मात्र किचकट. काचेवर कलोडियन पसरायचे, ती चांदीच्या क्षारात बुडवायची आणि ओली असतानाच फोटो घेऊन लगेच धुवायची. शिवाय त्या काचेला निळा प्रकाश चटकन कळे, तांबडा-पिवळा जवळजवळ कळतच नसे. आपल्या पोथ्यांची पाने जुनी होऊन पिवळी पडलेली, दंड आणि अध्यायसमाप्ती हिंगुळाने लाल केलेली, चुकलेल्या अक्षरांवर पिवळी हरताळ. फोटोत लाल अक्षर शाईइतकेच काळे दिसायचे आणि लेखकाने झाकलेली चूक काळा डाग होऊन बसायची. १८७३मध्ये फोगेल या रसायनशास्त्रज्ञाने काचेला रंगद्रव्य देऊन ही अडचण कमी करण्याची वाट दाखवली.

तरीही काळ्या डागांचा फोटो चालला असता, पाठ तरी वाचला असता. फोटोने काय साधते ते पुढे एका पोथीने दाखवले. पैप्पलाद शाखेच्या अथर्ववेदाचे काश्मिरी भूर्जपत्र जर्मनीत ट्यूबिंगेनला गेले. १९०१मध्ये ब्लूमफील्ड आणि गार्बे यांनी त्याची पानन् पान रंगीत छायाचित्रांतून छापली. मग तो पाठ वाचायला ट्यूबिंगेन गाठण्याची गरज उरली नाही. झाशीच्या संग्रहाचे मात्र आपल्याकडे आहे ते गोडसे भटजींनी पुढे आठवून लिहिलेले वर्णन.