थंडीतले पाहुणे आणि आपली दहा मिनिटं

मैत्रिणींनो, भाताची झोडणी आटपली, कुळीथ-पावटा पेरून झाला की आपल्याकडे पहाटे अंगावर शाल घ्यावी लागते. याच दिवसांत आपल्या तालुक्यात लांबचे पाहुणे मुक्कामाला येतात. ते उत्तरेकडून येतात, होळीनंतर हळूहळू परत जातात. त्यांच्यासाठी घर आवरावं लागत नाही की पाणी तापवावं लागत नाही. फक्त मान वर करून बघावं लागतं. हे पाहुणे म्हणजे हिवाळी पक्षी.

बचत गटाच्या अंकात पक्षी कशाला, असं कुणी म्हणेल. त्याचं कारण सांगते. प्रशिक्षणात आपण दिवसाचं घड्याळ काढतो. पहाटे पाच ते रात्री दहा, कुठल्या वेळी कोणतं काम. चूल, पाणी, गुरं, बाग, मासळी, मुलांचे डबे, गटाची बैठक, सगळं भरून होतं. शेवटी मी विचारते, "यात स्वतःसाठीचा वेळ कुठला?" तेव्हा बहुतेक कागदांवर ती जागा मोकळी असते. कुणी हसून म्हणतं, "झोपते तो." कामाची वाटणी घरात कशी व्हायला हवी, यावर आपण बोलत असतो आणि बोलत राहायचंच आहे. पण तोवर त्या मोकळ्या जागेत दहा मिनिटं लिहिता येतील, असा हा विषय आहे. त्याला पैसे लागत नाहीत, घरातून लांब जावं लागत नाही, कुणाला विचारावं लागत नाही.

पक्षी एवढ्या लांबून का येतात?

हिमालयात आणि त्याच्या पलीकडे थंडीत बर्फ पडतं, तळी गोठतात, किडे-अळ्या मिळेनाशा होतात. दिवस लहान होतो, म्हणजे पोट भरायला वेळही कमी. म्हणून पक्षी निघतात ते मुख्यतः खाण्यासाठी. आपल्याकडे पाऊस नुकताच संपलेला असतो, शेतात ओल असते, खाडीच्या चिखलात किडे आणि बारीक शिंपले भरपूर असतात. पुष्कळ पक्षी रात्री उडतात. सूर्य, तारे आणि पृथ्वीचं चुंबकत्व यांवरून ते दिशा ओळखतात. उन्हाळा लागला की ते परत जातात आणि अंडी-पिल्लं तिकडेच घालतात. म्हणजे आपलं गाव त्यांचं माहेर नव्हे, पण वर्षातले कितीतरी महिने ते आपल्याकडेच जेवतात.

घराजवळ कोण दिसेल?

धोबी: चिमणीपेक्षा जरा लांबट, सडपातळ, सतत शेपूट खालीवर हलवणारा. पऱ्यावर कपडे धुताना दगडांवर तुरुतुरु चालणारा, पोटाखाली पिवळा असलेला दिसला तर तो करडा धोबी. हा पावसाळा सरता सरताच हजर होतो. अंगणात, शेतात किंवा शाळेच्या मैदानावर दिसतो तो पांढरा धोबी. कपडे आपटतो तशी शेपूट आपटतो, म्हणून त्याचं हे नाव.

हळद्या: आंब्याच्या बागेत हळदीसारखा पिवळाधमक, डोळ्याजवळ काळी रेघ. मादी जरा हिरवट असते. तो पानांत दडतो, त्यामुळे आधी बासरीसारखी शीळ ऐकू येते. शीळ आली की तिथेच उभं राहा आणि पानं कुठे हलतात ते बघा. हा अळ्या खातो, म्हणजे बागेचं कामही करतो.

माळभिंगरी: सकाळी विजेच्या तारेवर ओळीने बसलेले छोटे पक्षी. पाठ निळी-काळी, शेपटीला दोन टोकं. उडता उडताच किडे पकडतात.

नीलपंख: तारेवर बसला की मातकट, लक्षही जाणार नाही. पण उडाला की पंखात दोन-तीन तऱ्हेची निळाई उघडते, जशी घडी घातलेली पैठणी उलगडावी.

पुळणीवर आणि खाडीत

आपल्या तालुक्याला पश्चिमेला समुद्र, उत्तरेला वाशिष्ठीची दाभोळ खाडी आणि दक्षिणेला शास्त्रीची जयगड खाडी. पाणपक्ष्यांना याहून सोयीची जागा कुठली? वेलदूरला, असगोलीला किंवा पालशेतला ज्या मैत्रिणी मासळीच्या कामाला बंदरावर जातात, त्यांना हे पक्षी आमच्यापेक्षा जास्त जवळून दिसतात.

पांढरे, करड्या पाठीचे, मोठे थवे करून बसणारे ते कुरव. आता सगळे त्यांना सीगल म्हणतात. यातल्या तपकिरी डोक्याच्या कुरवांची वीण लडाख-तिबेटकडच्या उंचावरच्या तळ्यांवर होते. गंमत अशी, की थंडीत त्यांचं डोकं पांढरंच असतं, डोळ्यामागे फक्त एक काळसर ठिपका. फेब्रुवारी-मार्चमध्ये डोक्यावर टोपी घातल्यासारखा गडद रंग चढायला लागतो. तो दिसला की समजायचं, पाहुण्यांची परत निघायची तयारी चाललीय. धोपावे-दाभोळ किंवा तवसाळ-जयगड फेरीबोटीने जाल तेव्हा मोबाईल पिशवीत ठेवा आणि कठड्याजवळ उभं राहून बघा.

ओहोटीला ओल्या वाळूवर धावतात, थांबतात, पुन्हा धावतात ते छोटे चिखल्या. खाडीच्या काठाने एकटाच मागचा भाग हलवत चालतो तो तुतवार.

आणि एक घरचाच, बारा महिने इथे राहणारा: काकण, म्हणजे समुद्री गरुड. डोकं-पोट पांढरं, पाठ करडी, आवाज मोठा. याचं घरटं किनाऱ्याजवळच्या उंच झाडावर असतं आणि वर्षानुवर्षं तेच घरटं काटक्या घालून वाढवलं जातं. थंडी हा त्याच्या विणीचा काळ. म्हणून परसातलं मोठं झाड विकण्याचा सौदा घरात चालला असेल, तर आधी वर बघा. घरटं असेल तर तसं सांगा. झाडाखालून रोज जाणाऱ्या बाईला हे जेवढं माहीत असतं तेवढं सौदा करणाऱ्याला नसतं.

बघायचं कसं?

दुर्बीण असली तर चांगलंच, नसली तरी अडत नाही. सकाळी ऊन कोवळं असताना किंवा संध्याकाळी चार-पाचनंतर बघा. भडक कपडे टाळा, हळू चाला, बोट दाखवण्याऐवजी तोंडाने सांगा. चार गोष्टी लक्षात ठेवा: चिमणी, मैना आणि कावळा यांच्या मापाने तो केवढा, रंग कुठे कुठे, काय करत होता, आवाज कसा. एवढ्यावर नाव शोधता येतं. नाव नाही सापडलं तरी बघितलेलं वाया जात नाही.

पाळायचं एवढंच: फोटोसाठी थव्यात धावायचं नाही, मुलांना दगड मारू द्यायचा नाही, आणि कुरवांना शेव-फरसाण घालायचं नाही. तळलेलं, खारवलेलं त्यांचं अन्न नाही.

आणि हे शिक्षण जास्त असलेल्यांचं काम आहे असं वाटत असेल, तर जमाल आरा यांचं नाव लक्षात ठेवा. १९२३ साली बिहारमध्ये जन्मलेल्या या बाईंचं शिक्षण दहावीपर्यंत. त्या जंगलात फिरून पक्षी बघत, बघितलेलं नोंदवत. त्यांचे लेख मोठ्या शास्त्रीय नियतकालिकांत आले आणि १९७० मध्ये नॅशनल बुक ट्रस्टने त्यांचं मुलांसाठीचं पक्ष्यांवरचं पुस्तक छापलं.

गटात काय करता येईल?

बैठकीच्या वहीचं शेवटचं पान यासाठी ठेवा. तारीख, जागा, पक्षी, आणि आपल्या वाडीत त्याला काय म्हणतात ते. हे चौथं सगळ्यात महत्त्वाचं. आपल्या आज्या-मावश्यांकडे पक्ष्यांची जी नावं आहेत ती पुष्कळदा पुस्तकात नसतात. लिहिली नाहीत तर त्यांच्याबरोबर जातील.

महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो. ५ तारीख मारुती चितमपल्लींच्या जन्माची, १२ तारीख सलीम अलींच्या. फेब्रुवारीत चार दिवस जगभर परसातल्या पक्ष्यांची मोजणी होते. १९९८ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या या मोजणीत भारतातले लोक २०१३ पासून भाग घेतात. एका जागी निदान पंधरा मिनिटं थांबून दिसलेले पक्षी मोजायचे आणि मोबाईलवर नोंदवायचे. आपल्या मुली ते सहज करतील.

काही जणी विचारतील, यातून उद्योग होईल का? ज्यांच्याकडे घरगुती मुक्कामाला पर्यटक येतात त्यांना या माहितीचा उपयोग नक्की होईल. पण सगळ्याच गोष्टींचा हिशोब वहीत आला पाहिजे असं नाही. ही दहा मिनिटं आपल्या नावावर राहू देत.

पुढच्या अंकासाठी एक काम: तुमच्या वाडीत धोब्याला आणि काकणाला काय म्हणतात, ते चिठ्ठीवर लिहून आपल्या सीआरपी ताईंकडे द्या. सोबत नाव सांगणाऱ्या आजींचं गावही लिहा. आलेली सगळी नावं आपण छापू.