टाके हनुवटीला, हाड मोडलं कानापाशी

बुऱ्हाणपूरच्या इतवाऱ्यात, जुन्या शहरातल्या अरुंद बोळांत दुचाकी घसरणं काही नवलाचं नाही. माणूस पुढे झोकांडतो, हनुवटी रस्त्यावर आपटते. दोन-तीन टाके पडतात, धनुर्वाताचं इंजेक्शन होतं आणि तो घरी येतो. दुसऱ्या दिवशी पोळीचा तुकडा चावताना दातांवर दात नीट बसत नाहीत. ‘सूज आहे, उतरेल,’ असं घरचे म्हणतात. सूज उतरते, पण दात वाकडेच बसत राहतात.

‘मार हनुवटीला लागला, तेव्हा जे काही झालं असेल ते हनुवटीलाच’ हा पहिला आणि सगळ्यात महागात पडणारा गैरसमज. खालच्या जबड्याची दोन टोकं दोन्ही कानांच्या अगदी पुढे कवटीतल्या खोबणीत बसतात. या टोकाला कॉन्डाइल म्हणतात. त्याच्या खालची मान बारीक असते. हनुवटीवरचा धक्का हाडातून वर चढतो आणि या मानेपाशी हाड मोडतं. शरीराने इथे जणू फ्यूजची तारच बसवली आहे. ती तुटते म्हणून टोक कवटी फोडून मेंदूपर्यंत सहसा जात नाही. खालच्या जबड्याच्या सगळ्या फ्रॅक्चरांपैकी साधारण चौथा ते तिसरा हिस्सा या भागातला असतो. परेडमध्ये उभ्या-उभ्या चक्कर येऊन सैनिक हनुवटीवर कोसळला की हनुवटी आणि दोन्ही बाजूंचे सांधे एकदम मोडतात. इंग्रज डॉक्टरांनी त्याला ‘गार्ड्समन फ्रॅक्चर’ असं नावच दिलं आहे. डोक्यावरच टेकणारं अर्धं हेल्मेट हनुवटी उघडी ठेवतं, त्यामुळे या माराविरुद्ध त्याचा उपयोग शून्य.

‘तोंड उघडतंय, बोलता येतंय, म्हणजे हाड शाबूत आहे’ असंही लोक खात्रीने सांगतात. मे २००२ मध्ये अँटिग्वाच्या कसोटीत अनिल कुंबळेचा जबडा चेंडू लागून मोडला होता. तरी चेहऱ्याला पट्टी गुंडाळून त्याने सलग १४ षटकं टाकली आणि ब्रायन लाराला पायचीत केलं. मग तो शस्त्रक्रियेसाठी मायदेशी परतला. मोडलेल्या जबड्यानिशी माणूस बरंच काही करू शकतो. तेव्हा तोंड उघडतं का, एवढंच पाहून भागत नाही, ते कसं उघडतं ते पाहावं लागतं. उघडताना हनुवटी एका बाजूला सरकत असेल, तर त्याच बाजूचा सांधा मोडलेला असण्याची शंका घ्यावी. दोन्हीकडचे मोडले असतील, तर दाढा आधी टेकतात आणि पुढचे दात उघडे राहतात. कानातून रक्त आलं तर सगळे मेंदूच्या काळजीत पडतात. ती काळजी योग्यच आहे, पण कॉन्डाइल मागे सरकून कानाच्या नळीची कातडी फाटली तरी रक्त येतं. डोक्याबरोबर जबड्याचाही सीटी स्कॅन झाला पाहिजे. निदान सगळा जबडा दाखवणारा ओपीजी एक्स-रे तरी हवाच.

मग येतो हाडवैद्य. जबड्याला बाहेरून पट्टी बांधण्याची कल्पना जुनी आहे. सुश्रुतसंहितेत निखळलेला हनुसंधी शेकून, जागेवर बसवून पंचांगी बंध बांधायला सांगितलं आहे. पण मोडलेल्या कॉन्डाइलची अडचण वेगळी. तिथलं हाड जुळतं, बहुतेक वेळा आपोआपच जुळतं. प्रश्न असतो तो ते कुठे जुळतं याचा. वरचा तुकडा आतल्या बाजूला कलंडलेलाच जुळला, तर त्या बाजूची उंची कमी होते आणि चावा बिघडतो. मालिश करून तो तुकडा सरळ होत नाही.

याचा अर्थ प्रत्येकाला शस्त्रक्रिया करून हाडावर धातूची प्लेट बसवावी लागते असाही नाही. सांध्याच्या आत, अगदी टोकाशी हाड मोडलं असेल किंवा तुकडे फारसे हलले नसतील, तर दातांना आर्च बार म्हणजे धातूची पट्टी बांधून रबर बँडने दोन-तीन आठवडे चावा धरून ठेवणं बहुधा पुरतं. नेमकं कुणाला कापायचं, यावर सर्जन मंडळी अनेक दशकं भांडत आली आहेत. १९८३ मध्ये झाइड आणि केंट यांनी शस्त्रक्रियेची कारणं मोजकीच मांडली होती. २००६ मध्ये एकेल्ट आणि सहकाऱ्यांनी ६६ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. हाड १० ते ४५ अंश कललं असेल किंवा दोन मिलिमीटर वा अधिक आखूड झालं असेल, तर प्लेट बसवलेल्यांचा निकाल सरस ठरला. तेव्हापासून पारडं शस्त्रक्रियेकडे झुकलं.

लहान मुलांची गोष्ट मात्र उलटी आहे. त्यांचं हाड वाढताना स्वतःला बरंच सावरून घेतं, म्हणून सहसा चिरफाड टाळतात. धोका असतो तो जबडा फार दिवस बांधून ठेवण्यात किंवा मारच दुर्लक्षून सोडण्यात. सांधा कवटीला चिकटून बसतो, तोंड उघडेनासं होतं आणि हनुवटीची वाढ खुंटते. गच्चीवरून, जिन्यावरून पडलेल्या पोराच्या हनुवटीचे टाके सुकले म्हणून प्रकरण मिटवू नये, ते यासाठी.

‘प्लेट’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे मांडीतली जाडजूड पट्टी येते. इथली मिनीप्लेट जेमतेम एक मिलिमीटर जाडीची असते आणि स्क्रूंचा व्यास दोन मिलिमीटर. ही पद्धत १९७० च्या दशकात फ्रान्समध्ये, विशेषतः स्ट्रासबर्गच्या शाँपी यांच्या कामातून रुळली. कॉन्डाइलला बहुधा दोन प्लेटा लावतात, कारण चावताना हाडाच्या मागच्या कडेवर दाब येतो आणि पुढच्या कडेवर ताण. एकटी प्लेट वाकू किंवा तुटू शकते. या प्लेटा टायटॅनियमच्या असतात. ते गंजत नाही आणि चुंबकाकडे ओढलं जात नाही. एमआरआय करता येतो, फक्त आधी सांगावं. प्लेट काढावीच लागते हाही समज चुकीचा. जंतुसंसर्ग झाला, स्क्रू सैल झाला, तरच मोठ्या माणसाची प्लेट काढतात.

‘चेहरा वाकडा होईल’ ही भीती मात्र निराधार नाही. चेहऱ्याची नस याच भागातून जाते. अल-कायात आणि ब्रॅम्ली यांनी १९७९ मध्ये मोजलं, तेव्हा तिची कपाळाकडे जाणारी फांदी कानाच्या नळीपासून ८ ते ३५ मिलिमीटर अंतरात कुठेही सापडली. म्हणून चीर कानापुढे घ्यायची, जबड्याच्या कोनामागे की तोंडातून, हे काळजीपूर्वक ठरवतात. काहींच्या ओठाला किंवा कपाळाला कमजोरी येते. ती बहुधा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत ओसरते, कायमची क्वचितच राहते.

प्लेट बसली म्हणजे आता तोंड मिटून आराम, असं नाही. उलट लवकर हालचाल करता यावी म्हणूनच ती बसवलेली असते. आरशासमोर हनुवटी मधोमध ठेवून उघडझाप करायची आणि आपलीच तीन बोटं उभी मावतील इथवर हळूहळू यायचं. चार ते सहा आठवडे मऊ जेवण. बुऱ्हाणपूरचा दराबा चालेल, कडक भाकरी नाही.

दाखवायचं ते मॅक्सिलोफेशियल सर्जनला, आणि शक्यतो पहिल्या आठवड्यातच. बुऱ्हाणपूरहून एक वाट इंदूरच्या शासकीय दंत महाविद्यालयाकडे जाते, दुसरी महाराष्ट्रातल्या भुसावळ-जळगावकडे. आयुष्मान कार्ड राज्याची सीमा ओलांडल्यावरही योजनेतल्या रुग्णालयांत चालतं आणि त्याच्या यादीत जबड्याच्या प्लेटची शस्त्रक्रिया आहे. शिवाय रस्ता अपघात असेल तर केंद्राच्या २०२५ च्या योजनेत सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे रोकडरहित उपचार मिळतात. ते सात दिवस अपघाताच्या तारखेपासून मोजले जातात.