मांडता येत नाही? कशावरून?

मुलांनो, पत्त्यांचा जोड काढा पाहू! आई रागावली तर सांगा, गणिताचा अभ्यास चाललाय. थाप नाही हं ही!

माझी भाची कॉम्प्युटर सायन्सच्या पहिल्या वर्षाला आहे. शाळेत गणितात पहिली. पण कॉलेजात ‘डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स’ आले आणि पहिल्याच चाचणीत बाईसाहेब नापास! रडतच म्हणाली, “मावशी, यात पाठ करायला सूत्रच नाही गं!” मराठीत याला विविक्त गणित म्हणतात. म्हणजे सुट्या सुट्या वस्तूंचे गणित. बादलीतले पाणी नव्हे, टोपलीतली लिंबे! त्या अमुक तऱ्हेने मांडता येतील का? येत नसतील, तर कशावरून? या ‘कशावरून’पाशीच तिचे घोडे अडले होते. मग मी पत्ते काढले.

इस्पिक आणि बदाम यांचे राजा-राणी घ्या. चार पानांचा चौकोन करा. आडव्या किंवा उभ्या ओळीत दोन राजे नकोत, दोन राण्या नकोत, दोन इस्पिक नकोत की दोन बदाम नकोत. कोपऱ्यात इस्पिक राजा ठेवलात, तर शेजारी बदाम राणीच हवी. आणि खाली? तिथेही बदाम राणीच! पण ती तर एकच आहे. म्हणजे हे जमणारच नाही. झाली की सिद्धता!

आता चौकट आणि गुलामही घ्या. नऊ पाने झाली. पहिली ओळ : इस्पिक राजा, बदाम राणी, चौकट गुलाम. दुसरी : चौकट राणी, इस्पिक गुलाम, बदाम राजा. तिसरी : बदाम गुलाम, चौकट राजा, इस्पिक राणी. जमले!

थोर गणिती ऑयलर याने हेच कोडे सहा पलटणींच्या सहा हुद्द्यांच्या ३६ अधिकाऱ्यांवर घातले होते. १७८२ साली छापलेल्या लेखात त्याने म्हटले, सहाचा चौकोन जमणार नाही. दहा, चौदा, अठरा यांचेही तसेच. सिद्धता मात्र नव्हती. सहाबद्दल त्याचे बरोबर होते. फ्रान्सच्या गास्ताँ तारी यांनी १९०० च्या सुमारास सगळ्या शक्यता हाताने तपासून ते दाखवले. केवढी चिकाटी!

बाकीचे? पावणेदोनशे वर्षे कोडे तसेच पडून होते. १९५९ साली अमेरिकेत राज चंद्र बोस आणि आपल्या नागपूरला शिकलेले शरद्चंद्र श्रीखंडे यांनी २२ चा चौकोन मांडून दाखवला! अर्नेस्ट पार्कर यांनी दहाचा मांडला. मग तिघांनी मिळून सिद्ध केले, की दोन आणि सहा सोडले तर प्रत्येक चौकोन जमतो. बातमी ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पहिल्या पानावर झळकली. श्रीखंडे पुढे मुंबई विद्यापीठात गणिताचे विभागप्रमुख झाले आणि २०२० साली, वयाच्या १०२ व्या वर्षी वारले.

भाची ऐकत होती. मग म्हणाली, “एवढा मोठा ऑयलर, तोही चुकला?” आणि किलवर व एक्के घेऊन सोळा पानांवर बसली. जेवायला हाक मारली तरी उठेना! दीड तासाने चौकोन जमला.

तुम्हाला किती वेळ लागतो पाहा बरं. आणि पालकहो, तुम्ही मधे बोलायचे नाही!