कुडाचे घर आणि त्याचे शब्द

‘खाल्ल्या घरचे वासे मोजणे’ हा वाक्प्रचार शिकवताना हल्ली मला आधी वासा म्हणजे काय ते सांगावे लागते. स्लॅबखाली वाढलेल्या मुलाला वर पाहिल्यावर मोजण्याजोगे काही दिसतच नाही. किलवणी परिसरातील जुन्या कुडाच्या घराची रचना समजून घेतली, तर असे अनेक शब्द उलगडतात.

या घरासाठी प्रथम जमिनीत मेढी पुरतात. मेढ म्हणजे वरच्या टोकाला बेचके असलेला लाकडी खांब. बेचक्यांत आडवी लाकडे बसतात. त्यांतले सर्वांत उंच ते आढे. आढ्यापासून दोन्ही अंगांनी उतरतात ते वासे. त्यांवर पेंढा, गवत किंवा कौले येतात. छपराची खालची कड ती वळचण आणि तिच्यावरून गळणाऱ्या धारा त्या पागोळ्या. पाऊस आढ्यावर पडला तरी पाणी शेवटी खालीच येणार, म्हणून ‘आढ्याचे पाणी वळचणीला’.

छपराचा सारा भार मेढींवर असतो. भिंत काहीच पेलत नाही. म्हणूनच ती कारवीच्या किंवा बांबूच्या काठ्यांची, शेणमातीने लिंपलेली चालते. हाच कूड. संस्कृतात ‘कुड्य’ म्हणजे भिंत. गेरूने सारवलेल्या याच भिंतीवर वारली सुवासिनी तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक लिहितात.

इंग्लंडमधील जुनी शेतघरेही अशीच होती : लाकडी सांगाडा आणि मधे विणलेल्या काठ्यांवर मातीचा लेप. पुढे कित्येक ठिकाणी त्या चौकटींत विटा भरल्या गेल्या आणि हळूहळू विटांची भिंतच छपराचा भार घेऊ लागली. भार घ्यायचा तर सांध्यावर सांधा येऊन चालत नाही. म्हणून एका थरात विटेची लांब बाजू दर्शनी ठेवायची, पुढच्या थरात आखूड. या रचनेला आपल्याकडेही ‘इंग्लिश बाँड’ म्हणतात. १७८४ साली तेथे विटांवर नगांच्या हिशेबाने कर बसला, तेव्हा नग कमी भरावेत म्हणून मोठ्या विटा पाडल्या जाऊ लागल्या. तो कर १८५० साली उठला.

आपल्याकडेही आता भार मेढीवरून भिंतीवर आणि सिमेंटच्या खांबांवर गेला आहे. त्याबद्दल हळहळण्याचे कारण नाही. कूड पुन्हापुन्हा लिंपावा लागतो, मेढीला वाळवी लागते. पक्के घर ही गरजच आहे. मात्र मेढ गेली की ‘मेढ’ हा शब्दही जातो, आणि वासा न पाहिलेल्याला ‘घर फिरले की घराचे वासेही फिरतात’ ही म्हण केवळ पाठ करावी लागते.

शिक्षकांना माझी एक सूचना आहे. विद्यार्थ्यांकडून कुडाच्या घराचे चित्र काढून घ्यावे आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून प्रत्येक भागाचे नाव त्यावर लिहवून घ्यावे. वारलीतले नाव वेगळे निघाले, तर ते खोडू नये. मराठी नावाशेजारी तसेच ठेवावे. कूड उभे आहेत आणि ते लिंपणारे हात आहेत, तोवरच हे काम सोपे आहे.