जुन्या पानांचा मान

एखाद्या जुन्या ग्रंथाची नवी आवृत्ती काढताना संपादकापुढे एक प्रश्न उभा राहतो. मूळ लेखन जसेच्या तसे छापावे, की आजच्या नियमांप्रमाणे शुद्ध करून घ्यावे? मराठी साहित्य महामंडळाच्या लेखनविषयक नियमांत याचे उत्तर आहे. केशवसुतांपूर्वीचे पद्य आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांपूर्वीचे गद्य मूळ रूपातच छापावे. त्यानंतरच्या लेखनाला मात्र नवे नियम लावावेत. काहीसा असाच प्रश्न संगणकाच्या महाजालापुढेही उभा राहिला. तो कसा सुटला, हे पाहणे उद्बोधक आहे.

महाजालावरील पान म्हणजे तयार चित्र नव्हे. हे शीर्षक, हा परिच्छेद, हा तक्ता, अशा खुणा केलेला तो एक मजकूर असतो. या खुणा वाचून पान पडद्यावर मांडण्याचे काम ब्राउझर नावाची आज्ञावली करते. एकाच खुणेचा अर्थ दोन ब्राउझरांनी निरनिराळा लावला, तर एकच पान दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी दिसते.

१९९४ साली नेटस्केप नॅव्हिगेटर आणि १९९५ साली मायक्रोसॉफ्टचा इंटरनेट एक्सप्लोरर हे ब्राउझर आले आणि त्यांच्यात चुरस लागली. एकाने लुकलुकणारी अक्षरे आणली, तर दुसऱ्याने सरकत जाणारी ओळ. १९९६ च्या डिसेंबरात पानांच्या मांडणीचे पहिले प्रमाण नियम प्रसिद्ध झाले. पण त्यांचे पालन एकसारखे झाले नाही.

एक उदाहरण घेऊ. मजकुराच्या चौकटीची रुंदी २०० ठिपके सांगितली आहे. आत दोन्ही बाजूंना १०-१० ठिपके मोकळी जागा आणि ५-५ ठिपक्यांची कड आहे. प्रमाण नियमानुसार २०० ही केवळ मजकुराची रुंदी. म्हणून संपूर्ण चौकट २३० ठिपक्यांची होते. विंडोजवरील जुना एक्सप्लोरर मात्र सारे काही २०० ठिपक्यांतच बसवी आणि मजकुराला १७० ठिपके उरत. असंख्य पाने या चुकीच्या हिशेबावर विसंबून रचली गेली होती. ब्राउझर सुधारावा तर जुनी पाने विस्कटतात, न सुधारावा तर नियमांना अर्थ उरत नाही, असा हा पेच होता.

२००० साली मॅकिंटॉश संगणकासाठीच्या एक्सप्लोररने त्यातून वाट काढली. पान कोणत्या नियमांनुसार लिहिले आहे, हे सांगणारी एक घोषणा पानाच्या आरंभी करता येते. ती योग्य असेल, तर पान प्रमाण नियमांनी मांडावे. ती नसेल किंवा फार जुन्या धाटणीची असेल, तर जुन्या वहिवाटीने मांडावे. या दुसऱ्या रीतीला ‘क्वर्क्स मोड’ असे नाव पडले. इतर ब्राउझरांनीही ही युक्ती स्वीकारली.

तरीही प्रश्न अर्धाच सुटला होता. जुनी वहिवाट नेमकी कोणती, हे कोठेच लिहिलेले नव्हते. नवा ब्राउझर तयार करणाऱ्याला इतरांचे वागणे पाहून अंदाज बांधावा लागे. २००४ मध्ये ॲपल, मोझिला आणि ऑपेरा यांच्याशी संबंधित मंडळींनी एक कार्यगट स्थापन केला. सदोष लिहिलेले पानही सर्व ब्राउझरांनी एकाच रीतीने वाचावे, यासाठी त्याने पायरीपायरीने नियम लिहून काढले. पुढे क्वर्क्स मोडसाठी स्वतंत्र प्रमाण तयार झाले. जुन्या पानात बाहेरील अक्षरांचा आकार तक्त्यातील अक्षरांना लागू होत नाही, यासारख्या बारीकसारीक गोष्टीही नियमांत नोंदलेल्या आहेत. सरकत्या ओळीची कथाही अशीच आहे. लेखकांनी ती वापरू नये, असे नियम सांगतात. पण जुन्या पानात ती आलीच, तर ब्राउझरने ती कशी सरकवावी, हेही सांगतात!

चुकांना असे नियमांचे स्थान देणे योग्य आहे काय, असा आक्षेप कोणी घेईल. त्याचे उत्तर या उदाहरणातच आहे. लिहिणाऱ्यासाठी नियम कडक आहेत, वाचणाऱ्यासाठी मात्र ते उदार आहेत. जुन्या पानाचा कर्ता ते दुरुस्त करण्यास आज उपलब्ध असेलच असे नाही. मग त्याच्या चुकीची शिक्षा वाचकाने का भोगावी? शिवाय, प्रत्येक जुनी रीत टाकाऊच असते असेही नाही. चौकट मोजण्याची ती जुनी पद्धत अनेकांना सोयीची वाटली आणि पुढे प्रमाण नियमांतच एक अधिकृत पर्याय म्हणून समाविष्ट झाली.

२०२२ च्या जूनमध्ये मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्सप्लोररला निवृत्त केले. पण त्याच्या काळात लिहिलेली आणि आजवर जपून ठेवलेली साधी पाने आजच्या ब्राउझरांतही वाचता येतात. प्रमाणीकरण म्हणजे जुने पुसून टाकणे नव्हे. जुन्याचा अर्थ सर्वांनी सारखाच लावावा, यासाठी केलेली ती व्यवस्था आहे.