चार लिंकवरचा मागचा अ‍ॅक्सल

कस्टम ट्रकचे मागचे कमानपाटे काढून चार लिंक बसवल्या की स्प्रिंग फक्त वजन पेलतात. अ‍ॅक्सल जागेवर धरायचे काम लिंकवर येते. वरच्या दोन पुरेशा तिरप्या असल्या तर अ‍ॅक्सल आडवा सरकू न देणारा पॅनहार्ड रॉड लागत नाही.

बाजूने पाहताना वरच्या-खालच्या लिंकच्या रेषा वाढवल्यावर एका बिंदूत मिळतात. मागचे टायर जमिनीला टेकते तिथून या बिंदूतून जाणारी रेषा पुढच्या अ‍ॅक्सलवर गुरुत्वमध्याच्या उंचीला पोचली, तर अँटी-स्क्वॉट 100 टक्के: वेग घेताना मागची बाजू दबत नाही. हे प्रमाण फार वाढवणे धोक्याचे. ब्रेक मारताना चाके उड्या मारू लागतात.

लिंक बसवल्यावर पिनियनचा, म्हणजे ड्राइव्हशाफ्ट अ‍ॅक्सलला जिथे जोडतो त्या गिअरच्या दांड्याचा, कोन ट्रक चाकांवर, नेहमीच्या उंचीवर उभा असतानाच लावावा. अ‍ॅक्सल लोंबकळत असताना लावलेला कोन ट्रक खाली उतरवताच बदलतो.